आधी तिथी, मग दुर्बीण

माझं घर अलिबाग तालुक्यात, किनाऱ्यापासून चालत जाण्याच्या अंतरावर. शाळेत शिकवायचे तेव्हा सुट्टीच्या दिवशी आणि आता निवृत्तीनंतर सवड मिळेल तेव्हा मी पाणपक्षी बघते. नव्याने हा नाद लागलेली मंडळी विचारतात, कुठली दुर्बीण घेऊ, कुठलं पुस्तक आणू? त्यांना सांगते, ते नंतर बघू, आधी पाण्याची वेळ बघायला शिका. रानातल्या पक्ष्यांसाठी पहाटे उठलं की पुष्कळ काम होतं. किनाऱ्यावर नुसतं पहाटे उठून भागत नाही. इथल्या पक्ष्याचं खाणं, झोपणं, उडणं सगळं भरती-ओहोटीवर चालतं. हे एकदा कळलं की बाकीचं आपोआप कळत जातं. मला जे कळत गेलं ते इथे क्रमाने मांडते.

१. घरातली दिनदर्शिका हेच पहिलं साधन.

आमच्याकडे कोळ्याच्या घरातल्या लहान मुलालाही एक हिशेब येतो. तिथीची पाऊणपट करायची, की पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चार गुणिले पाऊण म्हणजे तीन, भरती तीनला. अष्टमीला सहाला. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा ते बाराच्या दरम्यान. शुक्ल पक्ष असो की कृष्ण, हिशेब तोच. भरतीनंतर सहा तासांनी पूर्ण ओहोटी. रोज ही वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. हा मुंबई-अलिबागकडचा हिशेब आहे. जसजसं दक्षिणेला जाल तसतशी भरती थोडी आधी लागते. पाव-अर्ध्या तासाचा फरक सगळीकडेच पडतो, पण निघायचं कधी हे ठरवायला एवढं पुरतं.

आता पक्ष्यांकडून बघा. पूर्ण ओहोटीला पाणी दूर गेलेलं असतं आणि पक्षी त्या पाण्याच्या कडेला, नजरेच्या पलीकडे. दुर्बिणीतून ठिपके दिसतात. पूर्ण भरतीला चिखल आणि वाळू झाकली जाते, पक्षी उडून दुसरीकडे गेलेले असतात. दोन्ही वेळा रिकाम्या हाताने परतायच्या. खरी वेळ म्हणजे भरती पूर्ण होण्याआधीचे दोन-अडीच तास. पाणी चढत येतं, खाण्याची जागा आक्रसत जाते आणि पक्षी आपल्या पायांनी चालत तुमच्याकडे येतात. तुम्ही नुसतं बसून राहायचं.

म्हणून माझ्या दिनदर्शिकेवर हिवाळ्यातल्या द्वादशी आणि त्रयोदशी लाल पेनाने केलेल्या असतात. त्या दिवशी भरती नऊ ते पावणेदहाच्या सुमारास असते. साडेसहा-सातला जाऊन बसलं की उजेड आणि पाणी दोन्ही एकदमच चढतात. शिवाय हे दिवस उधाणाकडे जाणारे, म्हणजे पाणी जोर धरत असतं आणि पक्ष्यांना हलावंच लागतं. भांगाच्या दिवसांत पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. तेव्हा पक्षी दिवसभर लांबच रेंगाळतात.

२. ऊन पाठीवर घ्या.

आपला समुद्र पश्चिमेला. सकाळी किनाऱ्यावर उभं राहिलं की ऊन पाठीमागून येतं, पक्ष्यावर पडतं, पायांचा पिवळा आणि हिरवा रंगसुद्धा वेगळा दिसतो. दुपारी चारनंतर त्याच जागी सगळे पक्षी काळे. खाडीवर मात्र हे उलटंसुलटं होतं. ठाणे खाडीच्या मुंबईकडच्या काठावर, शिवडीला किंवा भांडुपला उभे राहाल तर तोंड पूर्वेला येतं, तिथे दुपारनंतर जा. पंचमीच्या आसपास भरती पावणेचारला येते, ते उत्तम. ऐरोलीच्या बाजूने बघायचं तर सकाळ.

३. आपला किनारा सगळीकडे सारखा नाही.

मुंबईला उधाणाचं पाणी साडेचार मीटरच्या वर चढतं. गोव्यात पोचेपर्यंत तीच भरती दोन-सव्वादोन मीटरच्या आसपास येते. या एका गोष्टीमुळे किती फरक पडतो! उत्तरेकडे पाणी मैल मैल आत-बाहेर करतं, म्हणून चिखलाची विस्तीर्ण मैदानं उघडी पडतात आणि चिखलात चोच खुपसणाऱ्यांची गर्दी ठाणे, उरण, धरमतरच्या अंगाला होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गात खडप, छोट्या पुळणी आणि नद्यांची मुखं. तिथे थवे लहान असतात, पण खडकावरचे पक्षी, सुरय आणि समुद्रगरुड बघावेत तर तिकडेच. मालवणात जाऊन ‘इथे शिवडीसारखे हजारो पक्षी नाहीत’ म्हणून हळहळू नये. तिथला समुद्र वेगळं काहीतरी देतो.

४. एका जागी बसायला शिका.

आमच्या तालुक्यातल्या किहीमला १९३० साली सालिम अली सुगरणीची घरटी बघत बसले होते. नर एकामागून एक घरटी बांधतो, मादी ती पसंत करते आणि एकेका नराच्या अनेक माद्या असू शकतात, हे सगळं त्यांना एका जागी चिकाटीने बसून कळलं. तो पक्षी पाण्यावरचा नव्हे, पण बसण्याचा धडा किनाऱ्यालाही तितकाच लागू आहे. वाळूवर चालत राहणारा माणूस पक्ष्यांना सतत पुढे ढकलत राहतो. बसलेल्या माणसाला पक्षी थोड्या वेळाने वाळूच्या ढिगात जमा करतात.

मी सुरुच्या झाडाच्या बुंध्याला पाठ लावून किंवा उलट्या ठेवलेल्या होडीच्या सावलीत बसते. अंगावर मातकट कपडे. बोलणं नाही. आणि बसल्यावर पहिली पंधरा मिनिटं दुर्बीण उचलायचीच नाही, नुसत्या डोळ्यांनी बघायचं की कोण कुठे काय करतंय.

५. नावाआधी चाल आणि चोच बघा.

किनाऱ्यावरचे निम्मे पक्षी हिवाळ्यात एकाच रंगाचे असतात. वर करडे, खाली पांढरे. पुस्तक उघडलं की एका पानावर दहा चित्रं आणि सगळी जुळी. नवशिका इथेच कंटाळतो. मी मुलांना शिकवताना पुस्तक बंद ठेवायला लावते आणि विचारते, तो चालतोय कसा?

एक जण चार पावलं धावतो, थबकतो, टोचतो, पुन्हा धावतो. चोच आखूड, डोळे मोठे. हा चिखल्या. तो डोळ्यांनी शिकार करतो, म्हणून त्याला थांबावं लागतं. त्याच्याशेजारी कोणी मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच एकसारखी खालीवर करत असेल तर तो टिलवा किंवा त्याचा भाऊबंद. याला दिसण्याची गरजच नाही, चोचीच्या टोकाला स्पर्श कळतो. पाणटिवळ्याची लांब चोच चिखलात पार कपाळापर्यंत जाते आणि विशेष म्हणजे आत गेल्यावर तिचं फक्त टोक उघडू शकतं, म्हणजे चिखलाच्या आतच किडा पकडता येतो. कर्ल्यूची चोच त्याहून लांब आणि खाली वाकलेली, खेकड्याच्या बिळाच्या वळणात शिरणारी. मादीची चोच नरापेक्षा लांब असते. तुतवार एकटाच दगडांवर, शेपटीकडचा भाग सतत वरखाली हलवत. उचाट्याची चोच वर वळलेली. तो ती पाण्यात डावीकडून उजवीकडे फिरवत चालतो.

लाटेच्या पाठीमागे धावत जाणारा आणि लाट परतली की पुढे पळणारा पांढुरका पक्षी म्हणजे सँडरलिंग. लहान मुलांना तो पहिल्या नजरेत आवडतो. त्याला मागचं बोट नसतं, तीन बोटांवर तो एवढा पळतो. आणि लाल-नारिंगी चोचीचा, काळापांढरा, ठसठशीत कालवफोड्या दिसला तर त्या दिवसाचं सोनं झालं. शिंपल्याच्या फटीत चोच घालून आतला स्नायू तोडायचं त्याचं कसब बघण्यासारखं असतं. अलिबागजवळच्या आक्षीला तो हिवाळ्यात दिसतो. हो, तेच आक्षी, जिथे शके ९३४ चा, म्हणजे इसवी सन १०१२ चा मराठी शिलालेख आहे.

हे सगळे एकाच चिखलावर एकत्र जेवतात आणि भांडत नाहीत, कारण प्रत्येकाची चोच वेगळ्या खोलीवर पोचते. वरच्या थरातलं चिखल्याचं, मधलं टिलव्याचं, खालचं पाणटिवळ्याचं आणि बिळातलं कर्ल्यूचं. हे कळलं की करड्या पक्ष्यांच्या त्या गर्दीला एक व्यवस्था दिसू लागते. नाव मग पुस्तकात सापडतं.

एका पायावर उड्या मारत जाणारा पक्षी दिसला तर घाबरू नका. तो बहुधा लंगडा नसतो. विश्रांतीला एक पाय पोटाच्या पिसांत घेतलेला असतो आणि जवळपास जायचं असेल तर तो खाली काढण्याची तसदी तो घेत नाही.

६. मुळे काढणाऱ्या मावश्यांना विचारा.

ओहोटीला चिखलात उतरून मुळे, कालवं, खेकडे काढणाऱ्या बायकांना पक्षी जितके माहीत असतात तितके कुठल्या पुस्तकाला नसतात. त्यांना चिखल कुठे मऊ, कुठे पाय गुडघाभर जाईल, कुठल्या कोपऱ्यात पक्षी जमतात हे ठाऊक असतं. एका मावशींनी मला एकदा विचारलं, “बाई, तिकडे काय बघताय? पाणी चढलं की सगळे त्या जुन्या मिठागरात जातील, तिथे जाऊन बसा.” त्या मिठागराने मला किनाऱ्याचं अर्धं शास्त्र शिकवलं. त्याबद्दल पुढे सांगते.

रापण ओढली जाते तेव्हाही हजर राहावं. जाळं काठाला येतं तशी कुरव आणि सुरयांची झुंबड उडते. दोघांतला फरक तिथे छान कळतो. सुरय सडपातळ, टोकदार पंखांचा, हवेत थांबून नेम धरून पाण्यात सूर मारणारा. कुरव जाड अंगाचा, पाण्यावर बसून किंवा वाळूवर चालत मिळेल ते उचलणारा. कोळी दादांना अडचण होणार नाही एवढ्या अंतरावर उभं राहावं आणि मासळी निवडायला हात लावता आला तर लावावा.

७. पक्षी उडाला, तर आपण फार जवळ गेलो.

हा माझा सगळ्यात ठाम नियम. पक्षी उडण्याआधी तीनदा सांगतो. आधी खाणं थांबवतो. मग मान उंच करतो. मग चालत दूर जायला लागतो. पहिल्या खुणेलाच आपण थांबलो तर तो परत खायला लागतो.

यात नुसता शिष्टाचार नाही. हे पक्षी कुठून आलेत ते लक्षात घ्या. आमच्या पुळणीवरचा तपकिरी डोक्याचा कुरव लडाख-तिबेटच्या तळ्यांवर जन्मलेला असतो. बरेचसे छोटे चिखल्येही त्याच पठारांवरून उतरतात. टिलवे, सँडरलिंग आणि त्यांचे जातभाई थेट उत्तर ध्रुवाजवळच्या टुंड्रातून. परतीच्या प्रवासाआधी त्यांना अंगावर चरबी चढवायची असते. काही जातींत वजन दुपटीच्या जवळ जातं. ही त्यांची वाटेची शिदोरी. ती गोळा करायला दिवसाचे चोवीस तास मिळत नाहीत, फक्त चिखल उघडा असेल तेवढे तास मिळतात. दर वेळी कोणी कुत्रं सोडलं, कोणी फोटोसाठी थवा उडवला की त्या तासांतून काही मिनिटं जातात आणि उडण्यात शिदोरीही खर्च होते.

आता आमच्या किनाऱ्यांवर वाळूत पळणाऱ्या चारचाकी गाड्या आल्या आहेत. पोटापाण्यासाठी गावातल्याच मुलांनी त्या घेतल्यात, त्यांच्यावर माझा राग नाही. पण त्या नेमक्या ओल्या, घट्ट वाळूच्या पट्ट्यात धावतात आणि पक्ष्यांचं खाणं नेमकं त्याच पट्ट्यात असतं. अर्धा किनारा गाड्यांना आणि अर्धा पक्ष्यांना, एवढी वाटणी ग्रामपंचायतीला सहज करता येईल. पर्यटकांनाही पक्षी असलेला किनारा अधिक आवडेल अशी माझी खात्री आहे.

८. लाँचवरून गाठिया फेकू नका.

गेटवेहून मांडव्याला येताना कुरवांचा थवा लाँचच्या मागे लागतो आणि लोक हौसेने गाठिया, कुरकुरे उधळतात. हिमालयापलीकडे जायची तयारी करणाऱ्या पक्ष्याला तळलेलं खारट पीठ कशाला? त्यांना मासळी मिळते, मिळवता येते. मुलांना सांगा, नुसतं बघा. हाताएवढ्या अंतरावर उडणारा रानपक्षी फुकट दिसतोय, याहून काय हवं?

९. उन्हाळा चुकवू नका, विशेषतः चैत्र.

बहुतेक लोक डिसेंबर-जानेवारीत येतात आणि होळी झाली की थांबतात. मला मार्च-अखेर आणि एप्रिल सगळ्यात प्रिय. ऊन लागतं खरं. पण याच दिवसांत करडे पक्षी रंगायला लागतात. चिखल्याच्या छातीवर तांबूस पट्टा येतो, कर्ल्यू सँडपायपर विटकरी होतो, कुरवाचं पांढरं डोकं गडद तपकिरी होऊन त्याच्या नावाला जागतं. ज्या पक्ष्याला चार महिने ‘करडा’ एवढंच म्हणत होतो तो लग्नाच्या कपड्यांत समोर उभा राहतो. आणि मग एका उधाणाच्या सुमारास किनारा रिकामा होतो.

पण पूर्ण रिकामा होत नाही. पहिल्या वर्षाची काही पिल्लं मागे राहतात. त्यांचं वीण करण्याचं वय झालेलं नसतं, म्हणून ती पावसाळाभर इथेच थांबतात. ऑगस्टमध्ये मोठे परत येतात, काहींच्या अंगावर अजून जुन्या रंगाचे ठिपके असतात. त्यांच्यानंतर काही आठवड्यांनी त्या वर्षीची पिल्लं येतात, आणि ती बहुतेक जातींत आईबापांशिवाय येतात. वाट कोणी दाखवलेली नसते. २०२२ साली पट्टेरी शेपटीच्या पाणटिवळ्याचं एक पिल्लू अलास्काहून ऑस्ट्रेलियाच्या टास्मानियापर्यंत ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडत गेलं. कुठे उतरलं नाही, काही खाल्लं नाही. त्याच्या पाठीवर उपग्रहाला कळेल असं छोटं यंत्र होतं म्हणून हे कळलं. वय पाच महिने. त्याच जातीचे पाणटिवळे हिवाळ्यात आपल्याकडेही येतात. ही गोष्ट मी वर्गात सांगायचे तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही गप्प व्हायची.

१०. पावसाळ्यात किनाऱ्यावर थकलेला पक्षी सापडला तर त्याला परत पाण्यात ढकलू नका.

जून ते ऑगस्टच्या वादळी वाऱ्यात खोल समुद्रावरचे पक्षी, बूबी, काळपट पंखांचे सुरय, कधी फ्रिगेटबर्ड, किनाऱ्याला फेकले जातात. ते उपाशी आणि थकलेले असतात. भल्या माणसांना वाटतं, समुद्राचा पक्षी आहे, समुद्रात सोडू. तसं केल्यास तो मरतो. पुठ्ठ्याचं खोकं घ्या, हवेसाठी भोकं पाडा, तळाला जुना टॉवेल घाला, काळोखात आणि शांत ठेवा. तोंडात पाणी ओतू नका. बूबीची चोच धारदार असते, डोळे सांभाळा. वनखात्याचा मदत क्रमांक १९२६ आहे, लगेच फोन करा.

११. समुद्रगरुडाच्या झाडाला जपा.

पांढऱ्या पोटाचा समुद्रगरुड हा आमच्या कोकण किनाऱ्याचा मानबिंदू आहे. मासे तर खातोच, पण समुद्रसापही लीलया उचलतो. किनाऱ्याजवळच्या उंच झाडावर काटक्यांचं प्रचंड घरटं करतो आणि वर्षानुवर्षं त्याचीच डागडुजी करत वापरतो. म्हणून त्याचं झाड गेलं की नुसतं झाड जात नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने, भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने, रत्नागिरी-सिंधुदुर्गातली ही घरटी गावोगाव फिरून शोधली आणि नोंदवली. ज्यांच्या आवारात घरटं होतं त्या लोकांना त्याचं मोल समजावलं. वेळासच्या समुद्री कासवांच्या संवर्धनाचं कामही याच संस्थेचं. तुमच्या वाडीत असं झाड असेल तर तोडण्याआधी निदान एकदा विचारा.

१२. चिखलाइतकीच भरतीची जागा महत्त्वाची.

आता ते मिठागर. मावशींच्या सांगण्यावरून उधाणाच्या भरतीला मी तिथे गेले. ओहोटीला मैलभर विखुरलेले पक्षी एका मैदानाएवढ्या जागेत दाटीने उभे होते, सगळ्यांची तोंडं वाऱ्याकडे, बहुतेक एका पायावर. मधून एखादा शेकाट्या ओरडे, बाकी शांत. पाणी उतरेपर्यंत त्यांना एवढंच हवं असतं: उघडी, कोरडी किंवा घोटाभर पाण्याची जागा, जिथून चारही बाजूंचं दिसतं. झाडी नको, कारण झाडीत शत्रू लपतो. खायच्या जागेपासून फार लांबही नको.

ही जागा गेली तर चिखल शाबूत असूनही पक्षी येणं थांबतं. ठाणे खाडीत हेच घडताना आपण बघतो आहोत. तिथे १९९० च्या दशकापासून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, मोठ्या संख्येने येऊ लागले आणि पुढे संख्या लाखाच्या घरात गेली. मान उलटी करून, चोचीतल्या गाळणीतून चिखलपाणी गाळत ते सूक्ष्म शेवाळ खातात. त्यातल्या द्रव्यांनी त्यांना गुलाबी रंग येतो. २०१५ साली खाडीचा सुमारे १६९० हेक्टरचा भाग फ्लेमिंगो अभयारण्य झाला, २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. फार चांगलं झालं. पण अभयारण्य आहे ते खाडीचं, म्हणजे मुख्यतः खाण्याच्या जागेचं. भरतीला हेच रोहित नवी मुंबईत नेरूळ-सीवूड्सच्या तळ्यांवर, उरणकडच्या पाणथळींवर येऊन उभे राहतात. उरणजवळचं पाणजे हे माझ्या बघण्यातलं अशा जागांपैकी सर्वांत भरलेलं ठिकाण. अशा अनेक पाणथळींवर भराव पडले, काहींच्या भरतीचं पाणी आत येण्याच्या वाटा बुजवल्या गेल्या. वाट बुजली की तळं सुकतं किंवा सडतं, मग ती ‘पडीक’ जमीन म्हणून दाखवायला मोकळी.

तिवरांबद्दल लोकांत आता चांगली जाग आहे. कायद्याचं संरक्षण आहे, राज्याचा कांदळवन कक्ष २०१२ पासून काम करतो. पण उत्साहाच्या भरात उघड्या चिखलावर किंवा उघड्या खाजणात तिवरं लावायचे कार्यक्रमही होतात. तिथे झाड लावलं की पाणटिवळ्याची आणि कर्ल्यूची जागा गेलीच. तिवरांना तिवरांची जागा, उघड्या चिखलाला उघडं राहू द्यावं. उघडा चिखल म्हणजे ओसाड जमीन नव्हे, तो भरलेला आहे, फक्त वरून दिसत नाही.

१३. मोजा आणि लिहून ठेवा.

एखादी जागा वाचवायची तर ‘इथे खूप पक्षी येतात’ हे वाक्य कुठल्याही कचेरीत टिकत नाही. तारीख, तिथी, वेळ, जात आणि आकडा लिहिलेली वही टिकते. थवा मोजायची रीत सोपी आहे. आधी एकेक करून दहा मोजा, त्या दहांनी किती जागा व्यापली ते डोळ्यात धरा, मग ती जागा थव्यावर दहादहाने पुढे सरकवा. मोठ्या थव्याला शंभराने. भरतीला ते एकत्र बसलेले असतात तेव्हाच मोजावं, ओहोटीला विखुरलेले असतात तेव्हा नव्हे. दर जानेवारीत आशियाभर पाणपक्ष्यांची गणना होते, १९८७ पासून चालू आहे. त्यात भाग घ्यायला शास्त्रज्ञ असावं लागत नाही. मोबाइलवर ई-बर्डमध्ये नोंद घातली तरी ती जगभरच्या अभ्यासकांना दिसते.

किनाऱ्यावरच्या प्रत्येक गावात शाळा आहे, आणि प्रत्येक शाळेत दिनदर्शिका आहे. येत्या जानेवारीतल्या उधाणाच्या भरतीला शिक्षकांनी मुलांना घेऊन एकच गोष्ट शोधावी: पाणी चढलं की आपल्या गावचे पक्षी कुठे जाऊन बसतात. ती जागा नकाशावर खूण करून, सर्व्हे नंबर लिहून, मोजलेल्या आकड्यांसकट ग्रामपंचायतीला आणि वनखात्याला द्यावी, आणि दरवर्षी पुन्हा द्यावी. एवढं काम माझ्या वाचकांपैकी जे कोणी किनाऱ्यावर राहतात त्यांनी करावं, ही माझी विनंती आहे.